उरल्यासुरल्याची पेठ

दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या जुंग-गू या भागाचं क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरही भरत नाही. मुंबईतला एखादा लहान वॉर्ड असावा तेवढा हा भाग. एका बाजूला बंदराचा एक नंबरचा धक्का, दुसऱ्या बाजूला जागालचीचा मासळीबाजार, मधोमध योंगदुसान नावाची टेकडी आणि तिच्यामागे डोंगरावर चढत गेलेली घरं. रमतगमत चाललं तरी अर्ध्या दिवसात सगळं पालथं घालून होतं. मी वर्षानुवर्षं तिथे हिंडलो आणि दरवेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत परतलो.

माझा संबंध कामाचा. जहाजांच्या इंजिनांत आयुष्य गेलं. आधी बोटीवर, मग किनाऱ्यावर सुपरिंटेंडेंट म्हणून. पुलापलीकडच्या यंगदो बेटावर जहाज दुरुस्तीची यार्डं आहेत. बोट ड्राय डॉकला लागली की मुंबईहून मी जायचो. दिवसभर यार्डात, आणि संध्याकाळी पूल ओलांडून जुंग-गूत. सहकारी हेउंदेच्या समुद्रकिनाऱ्याकडे जायचे. तिकडे उंच काचेच्या इमारती आहेत, झगमगाट आहे. माझे पाय मात्र जुन्या पेठेकडेच वळायचे.

तिथे हिंडताना हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेनासंच झालं. या पेठेत नावाजलेलं जे जे आहे ते कुणाच्या तरी उरल्यासुरल्यातून उभं राहिलेलं आहे. कुणीतरी टाकलेलं, कुणीतरी मागे सोडलेलं, कुणाला नको असलेलं. ते इथल्या माणसांनी उचललं आणि त्यावर घर चालवलं.

सुरुवात तव्यापासून करतो. जागालचीच्या धक्क्यालगत टपऱ्यांची रांग आहे. तिथे कोमजांगओ नावाचा मासा भाजतात. दिसायला वामीसारखा लांब, पण वाम नव्हे. याला जबडाच नसतो, डोळे असून नसल्यासारखे, आणि धरायला गेलात तर अंगातून इतका चिकट बलक सोडतो की बादलीतलं पाणी बुळबुळीत होऊन जातं. टपरीवरची बाई त्याचं डोकं लाकडी पाटावरच्या खिळ्यात अडकवते, मानेपाशी सुरी गोल फिरवते आणि कातडी एका ओढीत शेपटीपर्यंत उतरवते. रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला रुमाल, आणि नजर पाटावर नसतेच, ती गिऱ्हाईकावर. कातडी निघाल्यावरही मासा वळवळत असतो. मग त्याचे तुकडे, उभा चिरलेला कांदा, लाल तिखट गोचुजांग, आणि तापलेला तवा. चावताना आधी थोडा कुरकुरीत, मग चिवट, मग गोडसर. मालवणात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसालाही पहिला घास जड गेला होता. पुढे पुढे बुसानला उतरलो की तोंडाला पाणी सुटायचं.

कोरियावर जपानचा अंमल होता तेव्हा, म्हणजे १९१० ते १९४५ या काळात, या माशाची किंमत फक्त कातडीपुरती होती. कातडी कमावून त्याच्या वस्तू करत. मांस फेकून देत. ते खायला सुरुवात केली ती ज्यांच्या पुढ्यात दुसरं काही नव्हतं अशांनी. १९५० चं कोरियन युद्ध आलं, निर्वासितांचे लोंढे आले, आणि धक्क्यावर निखारे पेटवून बसलेल्या बायकांनी तेच मांस भाजून विकलं. आज तो बुसानचा नावाजलेला पदार्थ आहे आणि त्याची किंमत मामुली राहिलेली नाही. कातडीही वाया जात नाही. बाजारात ईलचं चामडं म्हणून जी मऊ पाकिटं मिळतात, ती बहुतेक याच माशाची.

जागालचीत विकणाऱ्या बहुतांश बायका. त्यांना तिथे आजिमे म्हणतात, बुसानच्या बोलीत बाईमाणसाला हाक मारायची ती पद्धत. त्यांचा आवाज, त्यांची घासाघीस, गिऱ्हाईक निसटलं तर मागून येणारा शेरा, हे सगळं भाऊच्या धक्क्यावर वावरलेल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. पण एक मोठा फरक आहे. आपल्या कोळणींकडे हा धंदा पिढ्यांचा. आई, आजी, पणजी सगळ्या मासळीतल्या. जागालचीच्या कितीतरी बायका मासळीत जन्मलेल्या नव्हत्या. नवरा युद्धात गेला, किंवा उत्तरेत राहिला, किंवा परतला पण कामाचा उरला नाही. घर चालवायला समुद्राकाठी जे हाताशी होतं ते मासे. त्या सुरी धरायला शिकल्या. आज दिसते ती पंखांच्या आकाराची मोठी इमारत २००६ ची. तिच्या आधी तिथे पाट होते, टोपल्या होत्या आणि ओली जमीन होती.

इथवर हे लोक आले कसे, हे एका जहाजाच्या निमित्ताने सांगतो, कारण माझ्यासारख्याला ती गोष्ट लोखंडासकट समजते.

जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने हल्ला केला आणि काही आठवड्यांतच दक्षिणेकडे बुसानच्या भोवतीचा कोपरा तेवढा उरला. मग पारडं फिरलं, संयुक्त राष्ट्रांच्या फौजा पार उत्तरेत गेल्या, चिनी सैन्य युद्धात उतरलं, आणि डिसेंबरात उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून माघार सुरू झाली. सैन्याबरोबर बंदरावर नागरिक जमले, एक लाखाच्या आसपास. मेरेडिथ व्हिक्टरी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज तिथे होतं. प्रवाशांसाठी जागा बारा. कप्तान लिओनार्ड लारू यांनी चढवायला सुरुवात केली आणि चौदा हजार माणसं चढवली. मालाच्या होल्डमध्ये, एका डेकखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, माणसं उभीच्या उभी. फळकुटांवर बसवून क्रेनने खाली सोडलेली. होल्डला ना उजेड, ना उष्णता, ना संडास. डिसेंबरातली कोरियाची थंडी, वर डेकवर उघड्यावर माणसं, आणि जहाजाच्या पोटात शेकडो टन जेट इंधन. शेकोटीची एक ठिणगी पुरली असती. मी होल्डमध्ये उतरलेला माणूस आहे. रिकाम्या होल्डमध्ये हॅच बंद केल्यावर कसं वाटतं ते मला माहीत आहे. त्या अंधारात चौदा हजार माणसं दोन-तीन दिवस उभी राहिली, हे मला आजही नीट डोळ्यांसमोर आणता येत नाही.

जहाज २३ डिसेंबरला निघालं आणि दुसऱ्या दिवशी बुसानला पोचलं. बुसानने सांगितलं, जागा नाही. शहर आधीच ओसंडून गेलं होतं. जहाजाला पुढे कोजे बेटावर जावं लागलं आणि तिथे ही माणसं उतरली. सगळी जिवंत. वाटेत पाच बाळं जन्मली होती. लारू पुढे समुद्र सोडून मठात गेले आणि संन्यासी म्हणून जगले.

'जागा नाही' हे शहर खोटं बोलत नव्हतं. १९४९ साली बुसानची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती, १९५५ च्या मोजणीत ती दहा लाखांच्या वर गेलेली. मधले काही महिने सोडले तर ऑगस्ट १९५० पासून ऑगस्ट १९५३ पर्यंत बुसान ही दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी होती. सरकार, दूतावास, विद्यापीठं, रेडिओ, राजवाड्यातल्या मौल्यवान वस्तू आणि लाखो उपाशी माणसं, हे सगळं एका बंदराभोवती दाटलं. त्यातला सगळ्यात दाट भाग हा जुंग-गू आणि त्याला लागून असलेले डोंगरउतार.

यंगदोचा पूल तेव्हा देशभर ठाऊक असलेली बुसानमधली एकमेव खूण होती. २३ नोव्हेंबर १९३४ ला तो सुरू झाला. जहाज जायचं असलं की पुलाचा एक भाग वर उचलला जायचा, आणि हे नवल पाहायला दूरदूरहून लोक आले होते. युद्धात ताटातूट होताना माणसं एकमेकांना सांगायची, जिवंत राहिलो तर यंगदोच्या पुलापाशी भेटू. बुसानमधलं दुसरं कुठलं ठिकाण त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून मग पुलाच्या कठड्याला आपल्या माणसांची नावं लिहिलेले कागद, आणि पुलाखाली ज्योतिषी. रांगेने बसलेले, त्यातले कितीतरी आंधळे. माझा नवरा जिवंत आहे का, मुलगा कुठल्या दिशेला असेल, थांबू की जाऊ, हे विचारायला लोक त्यांच्यापुढे बसायचे. मी या ज्योतिष्यांना हसणाऱ्यांतला नाही. टेलिफोन नाही, पत्ता नाही, सरकारी यादी नाही. कुणीतरी समोर बसून तुमच्या माणसाचं नाव ऐकून घेतंय एवढाच आधार असेल, तर तोही आधारच. १९६६ साली पूल उचलणं बंद झालं, २०१३ मध्ये पूल नव्याने बांधून ते परत सुरू केलं. ज्योतिषी मात्र एकेक करत संपले.

पुलापासून आत वळलं की गुक्जे बाजार. १९४५ मध्ये जपान हरला आणि इथले जपानी घाईघाईने मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी घरचं सामान मिळेल त्या किमतीला विकलं. रिकाम्या जागेत त्याचा बाजार भरला, तीच याची सुरुवात. मग जपानहून परतलेले कोरियन, मग उत्तरेतले निर्वासित, मग अमेरिकन तळावरून या ना त्या मार्गाने बाहेर आलेला माल. शेजारच्या बुप्यंग बाजाराला आजही डब्यांचा बाजार म्हणून ओळखतात, कारण सैन्याचे हवाबंद डबे तिथे विकले जायचे. आता तिथे रात्रीचा बाजार भरतो, माशांच्या वड्यांचा गरम रस्सा मिळतो, पर्यटकांची झुंबड असते. त्या गर्दीत उभं राहून मला हटकून आठवते ती खिचडी, जी आता कुणी विकत नाही. अमेरिकन मेसमधलं उष्टं गोळा करायचं, मोठ्या हंड्यात पाणी घालून उकळायचं आणि वाडग्याने विकायचं. डुकरांचं खाणं म्हणूनच तिचं नाव पडलं होतं. कधी मांसाचा तुकडा हाती लागायचा, कधी सिगरेटचं थोटूक. लोक रांग लावून खायचे. उरल्यासुरल्यातून काहीतरी उभं करण्याचं कौतुक करताना हा वाडगा नजरेआड होऊ नये असं मला मनापासून वाटतं. ही हौस नव्हती, कल्पकतेचा उत्सव नव्हता. भूक होती.

मिल्म्यन या थंड नूडल्सचंही तेच. उत्तरेतल्या लोकांना बकव्हीटच्या नूडल्स खायची सवय. बुसानात तो दाणा मिळेना, मदतीच्या गव्हाचं पीठ मात्र मुबलक. त्यांनी गव्हाच्या केल्या. उन्हाळ्यात बर्फाच्या रश्शात त्या खाताना पोटात जो गारवा उतरतो त्याला तोड नाही.

बोसू-दोंगच्या गल्लीत मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. जुन्या पुस्तकांची ही गल्ली. उत्तरेतून आलेल्या एका निर्वासित जोडप्याने लाकडी खोक्यांवर अमेरिकन सैनिकांची वाचून झालेली मासिकं मांडली, तिथून ही सुरू झाली असं सांगतात. वरच्या डोंगरावर तंबूंत शाळा-महाविद्यालयं भरायची, मुलांची ये-जा याच वाटेने. पुस्तक विकत घेणं परवडत नसे, म्हणून जुनं घ्यायचं. फी भरायची वेळ आली की आपलंच विकायचं. पैसे आले की परत तेच सोडवायचं. ऐन भरात सत्तरच्या आसपास दुकानं होती. आता निम्मीही धड उरलेली नाहीत.

गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंचे ढीग खांद्याला लागतात. पुस्तकं उभी नसतात, आडवी रचलेली असतात, छतापर्यंत, आणि दहा-दहाचे गठ्ठे नायलॉनच्या दोरीने बांधलेले. एकदा एका दुकानात मला जहाजाच्या डिझेल इंजिनावरचं जुनं कोरियन पाठ्यपुस्तक दिसलं. भाषा वाचता येत नव्हती, पण आकृत्या वाचता येत होत्या: पिस्टन, क्रॉसहेड, स्कॅव्हेंज पोर्ट. यंगदोच्या टोकाला सागरी विद्यापीठ आहे, तिथल्याच कुणा मुलाचं असणार. इंधन पंपाच्या टायमिंगच्या आकृतीवर त्याने पेन्सिलीने बाण काढले होते, खोडले होते, पुन्हा काढले होते. मला स्वतःला तेवीसाव्या वर्षी तीच आकृती कळायला तेवढाच त्रास झाला होता. दुकानदार आजोबांनी पुस्तक हातात घेतलं, मळकं मुखपृष्ठ फडक्याने पुसलं, मागच्या पानावरची जुनी किंमत पाहिली, आणि मी इंजिनाचा माणूस आहे हे माझ्या हातांच्या खाणाखुणांवरून कळल्यावर निम्मी किंमत सांगितली. ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. ते वाचणारा मुलगा आता माझ्याहून म्हातारा असेल, कुठल्यातरी बोटीवरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला असेल, असं मी धरून चालतो.

चित्रकार ई जुंग-सोप हेही उत्तरेतले निर्वासित, काही काळ बुसानात होते. कॅनव्हासला पैसे नव्हते, म्हणून सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घेऊन त्यावर टोकदार वस्तूने रेघा ओढायचे आणि वर रंग चोळून पुसून टाकायचे. रंग रेघांत बसायचा. खेकडे, मासे आणि एकमेकांना बिलगलेली उघडी मुलं. १९५२ मध्ये त्यांची जपानी बायको दोन मुलांना घेऊन जपानला गेली, पुढे एकदा थोड्या दिवसांची भेट झाली तेवढीच. १९५६ साली, चाळिशीत, ते वारले. त्या कागदांतले काही आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. ग्वांगबोकच्या ज्या रस्त्यावर तेव्हा निर्वासित कलाकारांची चहाची दुकानं होती, तिथे आता बुटांची आणि क्रीमची दुकानं आहेत.

आगींबद्दल लिहिलंच पाहिजे. फळ्या, पुठ्ठे, तेलाच्या डब्यांचे पत्रे, डांबर लावलेला कागद, अशी सगळी वस्ती; आणि आत शेगड्या. जानेवारी १९५३ मध्ये गुक्जे बाजार जळाला. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरच्या रात्री डोंगरावरच्या वस्तीत लागलेली आग वाऱ्याने खाली धावली आणि तेव्हाचं बुसान स्टेशन, पोस्ट, आसपासची हजारो घरं घेऊन गेली. सुमारे तीस हजार माणसं एका रात्रीत पुन्हा उघड्यावर आली. युद्धाने एकदा आणली होतीच. अमेरिकन सैन्याच्या पुरवठा विभागाचे जनरल रिचर्ड व्हिटकॉम यांनी सैन्याचे तंबू, कपडे, अन्न नियम बाजूला ठेवून या लोकांना वाटलं. त्याबद्दल त्यांना वर जाब द्यावा लागला. पुढे ते कोरियातच राहिले, आणि बुसानच्या संयुक्त राष्ट्र स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. त्या आगीच्या भागातच चाळीस पायऱ्यांचा जिना आहे. धक्क्यावर हमाली करणारे, पाणी वाहणाऱ्या बायका, दमलेले लोक त्यावर टेकायचे. आता तिथे अकॉर्डियन वाजवणाऱ्या माणसाचा पुतळा आहे आणि दुपारी बँकेतले तरुण त्याच्याशेजारी बसून कॉफी पितात.

तिसरी मोठी आग डिसेंबर १९५४ मधली, योंगदुसानच्या उतारावरची. सोलच्या राजवाड्यातून जोसोन घराण्याच्या राजांची चित्रं युद्धात सुरक्षित ठेवायला बुसानला आणली होती. शस्त्रसंधी होऊन वर्ष उलटून गेलं तरी ती परत गेली नव्हती. झोपड्यांबरोबर ती कोठीही पेटली. बहुतेक चित्रं राख झाली. वाचलेल्यांत राजा चोलजोंगचं १८६१ सालचं चित्र आहे. राजा लष्करी पोशाखात बसलेला, रेशमावरचे रंग अजून ताजे, आणि एका बाजूचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जळून गेलेला. चेहऱ्याच्या कडेपर्यंत आग येऊन थांबली आहे. सोलच्या राजवाडा संग्रहालयाकडे ते आहे. जळालेला भाग कुणी नव्याने रंगवलेला नाही, कापड आहे तसंच जपलं आहे. राजांच्या तसबिरी आणि निर्वासितांच्या गोधड्या एकाच रात्री एकाच आगीत गेल्या, याची एवढी स्पष्ट खूण मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

याच टेकडीभोवती १६७८ पासून पुढे सुमारे दोनशे वर्षं जपानी व्यापाऱ्यांची कुंपणबंद वसाहत होती. त्सुशिमा या जपानी बेटावरचे लोक ती चालवायचे, आणि बायकांना तिथे राहायला बंदी होती. जवळच १९२९ साली बांधलेली इमारत आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी घशात घालणाऱ्या जपानी ओरिएंटल कंपनीची ती शाखा, मग अमेरिकन सांस्कृतिक केंद्र. १८ मार्च १९८२ ला विद्यार्थ्यांनी तिला आग लावली. ग्वांगजूत १९८० साली लष्कराने केलेल्या आंदोलकांच्या कत्तलीकडे अमेरिकेने डोळेझाक केली याचा तो निषेध होता. आत अभ्यासाला बसलेला एक विद्यार्थी त्यात गेला. राग मला समजतो, पण त्या मुलाचा विचार आला की पुढचं वाक्य सुचत नाही. १९९९ मध्ये इमारत कोरियाला परत मिळाली आणि आता ती इतिहासाच्या संग्रहालयाचा भाग आहे. तिथून खाली नाम्पो-दोंगच्या रस्त्यांवर ऑक्टोबर १९७९ मध्ये हुकूमशाहीविरुद्ध विद्यार्थी उतरले होते, दुकानदार आणि कामगार त्यांना येऊन मिळाले होते. दहा दिवसांनी सोलमध्ये हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही मारले गेले. त्याच रस्त्यावर १९९६ साली बुसानचा चित्रपट महोत्सव सुरू झाला. एवढ्याशा जागेत एवढं घडलेलं आहे.

आपल्या माणसांचाही इथे पाय लागला आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये भारतीय लष्कराचं ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक बुसानला उतरलं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज त्याचे प्रमुख. त्यांनी आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, सामान्य कोरियन लोकांवरही उपचार केले. आणि शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांचा ताबा घ्यायला जे भारतीय दल गेलं त्याचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका राग की आपल्या जमिनीवर भारतीय सैनिकाचा पाय नको, असा हट्ट. मग इंचनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने थेट सीमेच्या पट्ट्यात सैनिक नेले. घरी परतायचं की नाही हे ठरवणाऱ्या हजारो कैद्यांना सांभाळण्याचं ते काम, आणि तेही गोळी न चालवता निभवायची धडपड. कोल्हापुरात थोरातांचं नाव आजही घेतलं जातं. पण कोरियातल्या या कामाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं याची मला खंत आहे.

जुंग-गूची हद्द ओलांडून पश्चिमेला डोंगर चढलं की आमी-दोंग. इथे जपान्यांची दफनभूमी होती. १९४५ नंतर ती बेवारस पडली आणि युद्धात जागा न मिळालेले लोक तिच्यावर राहायला आले. थडग्यांचे कट्टे झाले पाया, कोरीव शिळा झाल्या पायऱ्या आणि भिंतींचे कोपरे. आजही घराच्या पायाशी, गॅस सिलिंडरच्या मागे, जपानी अक्षरं कोरलेला दगड दिसतो. तिथे राहणाऱ्यांना शेजार कुणाचा आहे ते माहीत होतं. सणावाराला आपल्या पितरांचं पान मांडताना घराखालच्या अनोळखी माणसासाठीही भाताचा वाडगा ठेवणारी घरं तिथे होती. ज्या राज्याने पस्तीस वर्षं छळलं, त्याच्या मेलेल्या माणसांना उपाशीपोटी माणसांनी भात ठेवला. बुसानबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी ही सांगेन.

आणि यंगदोवरच्या बायका. जहाज डॉकला लागलं की बुडाचा गंज, शिंपले, जुना रंग हातोडीने ठोकून काढतात, त्याला आम्ही चिपिंग म्हणतो. देप्यंग-दोंगच्या यार्डांत हे काम वर्षानुवर्षं बायकांनी केलं. दोरांना टांगलेल्या फळीवर बसून, हातात लहान हातोडी, दिवसभर ठण ठण ठण. वस्तीलाच त्या आवाजावरून नाव पडलं. संध्याकाळी घरी गेल्यावरही तो आवाज कानात सुरूच, आणि म्हातारपणी कितीतरी जणींना ऐकू येईनासं झालं. माझ्या सह्यांच्या कागदांवर 'हल क्लीनिंग, कम्प्लीट' एवढंच लिहिलेलं असायचं.

आज जुंग-गूत चाळीस हजारही माणसं राहत नाहीत. महापालिकेचं मुख्यालय १९९८ मध्ये इथून हललं, कचेऱ्या गेल्या, तरुण गेले. २०२४ च्या एका सरकारी संस्थेच्या अहवालात तर सबंध बुसानच लोकसंख्येने ओसरण्याच्या धोक्याच्या यादीत आलं, देशातल्या महानगरांत पहिलं. २०२३ मध्ये युद्धकाळातल्या राजधानीच्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, त्यात एक नंबरचा धक्काही आहे आणि आमी-दोंगही. त्याचा मला आनंद आहे. पण पाटी लावून ही पेठ टिकेल असं वाटत नाही. ती विकून-विकत घेऊन उभी राहिली, आणि तवा तापत राहिला, पुस्तकांचे गठ्ठे सुटत राहिले, तरच ती जुंग-गू राहील.

म्हणून बोटीवर जाणाऱ्या आपल्या मुलांना मी आवर्जून सांगतो. तुमची कंटेनर बोट लागते ती आता बहुधा पश्चिमेच्या नव्या बंदरात, शहरापासून लांब. शोअर लीव्ह थोडीच मिळते, तरी या. मेट्रोची एक नंबरची लाइन धरा आणि नाम्पोला उतरा. आधी बोसू-दोंगला जा, भाषा येत नसली तरी एक पुस्तक घ्या. आकृत्या सगळ्यांना वाचता येतात. मग गुक्जेतून चालत धक्क्यावर या. शनिवार असेल तर पूल दुपारी दोन वाजता उचलतात, त्याच्या आधी जेवून घ्या. एक प्लेट कोमजांगओ दोघांना पुरतो. तिखट जास्त वाटलं तर आजिमेला खुणेने सांगा, ती कांदा वाढवून देते. आणि शेवटी तव्यावर भात परतून मागायला विसरू नका, तळाशी लागलेला मसाला त्यातच उतरतो.